आवाराची राखण आणि भोंगा
(कलशारोहण समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. तहसील कचेरीत लिपिक आहे, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. माझे काम कागद लिहिण्याचे, बोलण्याचे नाही. परंतु काल हिशेब वाचून दाखवताना खर्चाच्या बाजूस 'भोंगा, सेन्सर व वायरिंग, रुपये ५८,४००' असे आले, तेव्हा मागच्या बाजूस बरीच मंडळी हसली. ते मी ऐकले. हसणे साहजिक आहे, कारण या भोंग्याने २०२३ च्या ज्येष्ठात सबंध गावाची झोप मोडली होती. पण या रकमेत एका देणगीदार भगिनीच्या पाटल्या मोडून आलेले पैसे आहेत, आणि मागाहून वाया गेलेल्या पैशांना मी स्वतः जबाबदार आहे. तेव्हा त्याचा जाब द्यावा, एवढ्यासाठी अध्यक्षांकडून मी ही पंधरा मिनिटे मागून घेतली आहेत.

गाभारा उकलला त्या वेळची स्थिती आपणांस आठवत असेल. दगड काढावयाचे म्हणून श्रींचा चांदीचा मुखवटा, प्रभावळ, पालखीचे दांडे, समया असा सर्व ऐवज पूर्वेच्या ओवरीत हलवला, आणि ओवरीस पुढून पत्रा ठोकला. भिंतीचा दक्षिणेकडील भाग पाडलेला, आवार चोहोकडून उघडे, आणि राखणीला फक्त बाबा. बाबा समोर बसले आहेत. त्यांचे वय त्या वेळी सदुसष्ट होते. तेव्हा बैठकीत ठरले की शहरात बंगल्यांना बसवतात तसला भोंगा बसवावा, आणि इंग्रजी लिहिता-वाचता येते म्हणून ते काम माझ्याकडे आले.

शहरातील दुकानदाराने मला दोन प्रकारचे सेन्सर दाखवले. एक नऊशे रुपयांचा, दुसरा सात हजारांचा. दोन्ही पांढरे, दोन्हींवर तसेच दुधी प्लास्टिकचे भिंग. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा स्वस्तातला घरात लावायचा, उघड्यावर चालत नाही." मला वाटले, हा महागाचा माल गळ्यात मारतो आहे. नऊशेचे पाच घेतले आणि समितीचे तीस हजार वाचवले म्हणून बैठकीत शाबासकीही घेतली. खोक्याच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले होते की हा नग घराच्या आत वापरण्यासाठी आहे. दिवसभर लोकांचे अर्ज 'नीट वाचून सही करा' म्हणून परत करणारा मी माणूस. पण ते वाचले नाही.

पाचही सेन्सर आवारात बसवले. त्यातही दुसरी चूक केली. भोंग्याची जी पेटी असते, तिला आठ झोन आहेत. झोन म्हणजे काय ते महसुलाच्या भाषेत सांगतो. तालुक्यात तलाठ्यांच्या जशा सजा असतात, तशा या पेटीच्या सजा. प्रत्येक सजेची वायर वेगळी, दिवा वेगळा. ज्या सजेत काही घडले तिचा दिवा लागतो आणि कोठे घडले ते ताबडतोब कळते. त्याशिवाय कोणत्या सजेच्या खबरीवर काय करावयाचे, म्हणजे ताबडतोब बोंब मारावयाची, अर्धा मिनिट थांबावयाचे, की नुसती टिकटिक करावयाची, हेही वेगवेगळे ठरवता येते. मी काय केले, तर वायर वाचावी म्हणून आवारातील पाचही सेन्सर एका ओळीत जोडून एकाच झोनमध्ये घातले. म्हणजे पाच गावांना मिळून एकच तलाठी, आणि तोही गावाचे नाव न सांगता नुसता 'आग लागली' म्हणून ओरडणारा. भोंगा वाजला की दोन नंबरचा दिवा लागे. पाचांपैकी कोणता सेन्सर बोलला ते देवालाच ठाऊक.

मग जे व्हावयाचे तेच झाले. सोळा दिवसांत भोंगा एकेचाळीस वेळा वाजला. हा आकडा अंदाजाचा नाही. कचेरीच्या सवयीप्रमाणे मी आवक-जावक रजिस्टरासारखी एक वही ठेवली होती आणि दर वेळी तारीख, वेळ व शेरा लिहीत होतो. पहिल्या रात्री साठ माणसे काठ्या घेऊन धावली. तिसऱ्या रात्री वीस. आठव्या रात्री मी, बाबा आणि पोलीसपाटील. बाराव्या रात्री मी अंथरुणातच कूस बदलली. शेजारच्या आळीत एक बाळंतीण होती. तिची सासू माझ्या दारात येऊन म्हणाली, "भाऊ, चोर परवडला, पण तुमचा भोंगा नको." सतराव्या दिवशी सकाळी मी स्वतः शिडीवर चढलो आणि भोंग्याची वायर सोडवून ठेवली. वहीत शेरा लिहिला, 'भोंगा तात्पुरता बंद'. सरकारी कागदावर 'तात्पुरता' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे आपण सर्व जाणता.

त्यानंतर अकराव्या रात्री चोर आले. पाऊस लागून राहिला होता. दानपेटी उचकटली. सुदैवाने आठच दिवसांपूर्वी पेटी मोजली होती, त्यामुळे हजार-बाराशे रुपयांपलीकडे काही गेले नाही, आणि मुखवटा तोवर गुरवकाकांनी आपल्या घरी नेऊन ठेवला होता. आवाज ऐकून बाबा कंदील घेऊन एकटेच बाहेर गेले. त्यांना ढकलून दिले. दीपमाळेच्या चौथऱ्यावर पडून त्यांचा उजवा हात खांद्याखाली मोडला. पहाटे गुरवकाका पूजेला आले, तोपर्यंत साधारण तीन तास बाबा तेथेच पावसात पडून होते. त्यांनी हाका मारल्या असतील. पावसात कोणाला ऐकू गेल्या नाहीत.

सकाळी मी पेटी उघडून पाहिली. दोन नंबरचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे सेन्सरने चोर पाहिले होते आणि पेटीने हुकूमही सोडला होता. भोंग्याची वायर तेवढी मी काढून ठेवलेली होती.

बाबांच्या औषधपाण्याचा खर्च समितीने केला, तो हिशेबात आहे. हात सांधला, पण त्या हाताने त्यांना आता पाण्याची बादली उचलता येत नाही. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यामुळेच मला हा विषय समजून घ्यावा लागला. तो मला जसा समजला तसा सांगतो. आपल्यापैकी कित्येकांनी आता घरांना, पोल्ट्रीला, गोठ्याला असले सेन्सर लावले आहेत, त्यांनाही उपयोगी पडेल.

प्रथम हा सेन्सर काय पाहतो? पुष्कळांची समजूत आहे की तो कॅमेऱ्यासारखा माणूस ओळखतो, किंवा त्यातून काही किरण बाहेर पडतात. दोन्ही खरे नाही. त्याला पॅसिव्ह इन्फ्रारेड म्हणतात, म्हणजे तो स्वतः काही सोडत नाही. प्रत्येक वस्तूतून उष्णतेचे न दिसणारे किरण निघतात, तेवढे फक्त तो पाहतो. आत नखाएवढा तुकडा असतो व त्याचे दोन भाग. पुढचे दुधी भिंग समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडते. ऊबदार अंगाचा माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आधी एका भागावर, मग दुसऱ्या भागावर उष्णता पडते, आणि या फरकावरून सेन्सर म्हणतो, काहीतरी हलले. काय हलले ते त्याला कळत नाही. म्हणूनच आडवा चालणारा माणूस त्याला चटकन दिसतो, आणि सरळ त्याच्या रोखाने येणारा फार उशिरा दिसतो. मी पाचही सेन्सर वेशीकडे तोंड करून लावले होते. चोर समोरून येणार, म्हणून सेन्सरचेही तोंड समोर. वास्तविक येणारा माणूस त्याच्या पुढून आडवा जाईल असे बसवावयास हवे होते.

घरात हे सर्व ठीक चालते. चार भिंती, एकसारखी हवा, हलणारे काही नाही. उघड्यावर मात्र उन्हाने तापलेले, वाऱ्याने हललेले, चार पायांचे असे सर्वच त्याच्यापुढून जाते.

दवाखान्यातून आल्यावर मी ती वही घेऊन बसलो आणि एकेक नोंदीची वेळ, त्या दिवसाचा वारा आणि बाबांची आठवण जुळवत गेलो. एकेचाळीसपैकी चौदा वेळा कुत्री-मांजरे. रात्री अकरा ते एक या वेळात बहुतेक, कारण गवंड्यांचे उरलेले जेवण ओवरीमागे टाकले जाई. खोक्यावर लिहिले होते की पाळीव जनावराला हा सेन्सर वाजत नाही. ते खरे आहे, पण केव्हा, तर जनावर जमिनीवर असेल तेव्हा. त्याची दृष्टी खालच्या बाजूस जाणूनबुजून मंद ठेवलेली असते. आपली मांजर ओट्याच्या कठड्यावरून चालते, म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीवरून. सेन्सरच्या लेखी ती माणूसच.

नऊ वेळा वारा. पिंपळाची फांदी आणि उत्सवाच्या पताका. तापलेल्या भिंतीपुढे पताका हलली की ऊन-सावलीसारखा उष्णतेचा फरक पडतो. सात वेळा सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान. हे कोडे मला पुष्कळ दिवस सुटले नाही. मग एके दिवशी त्या वेळेस जाऊन उभा राहिलो, तेव्हा दिसले की त्या सुमारास सूर्य उत्तरेच्या भिंतीवरून डोकावतो आणि ऊन थेट कोपऱ्यातील सेन्सरच्या भिंगात शिरते, आणि खालचा पत्राही त्याच वेळी तापून कडकड वाजू लागतो. तीन वेळा घाटातून वळणाऱ्या ट्रकचे दिवे. दोन वेळा बाबा स्वतः लघवीस उठले होते. एकदा मी, भोंगा का वाजत नाही म्हणून पाहावयास गेलो तेव्हा.

राहिल्या पाच नोंदी. त्यांचा उलगडा सेन्सर उघडल्यावर झाला. वायरच्या भोकाला मी लांबी भरली नव्हती. त्या ऊबदार जागेत पालीने अंडी घातली होती, शिवाय मुंग्या आणि कोळ्याचे जाळे. भिंगाला चिकटून किडा चालला तर तो एवढा जवळ असतो की सेन्सरला हत्तीएवढा वाटतो. ज्यांच्या घरी सेन्सर असेल त्यांनी एवढे तरी अवश्य करावे. वायरचे भोक बुजवावे, आणि महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने भिंग पुसावे.

आणखी एक गोष्ट वहीत नव्हती, कारण ती न वाजण्याची होती. आपल्याकडे वैशाखात संध्याकाळी दगडी फरशी आणि भिंती एवढ्या तापलेल्या असतात की त्यांची उष्णता आणि माणसाच्या अंगाची उष्णता जवळजवळ सारखी होते. फरक नाही म्हणजे सेन्सरला माणूस नाही. चांगल्या सेन्सरमध्ये यावर थोडी तजवीज असते, पण पूर्ण उपाय नाही. सारांश, नको तेव्हा हा शंभरदा बोलतो आणि हवा तेव्हा गप्प बसू शकतो.

ही खोटी हाकाटी आपल्याच गावची आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेत पोलिसांकडे घर-दुकानांच्या भोंग्यांच्या ज्या खबरा जातात, त्यांतील शंभरात नव्वदांहून अधिक खोट्या निघतात, असे तेथील पोलिसांविषयीचे अभ्यास सांगतात. इंग्लंडमध्ये याच त्रासामुळे नियम झाला की एका सेन्सरच्या सांगण्यावर पोलीस सहसा धावत नाहीत. दोन वेगवेगळ्या सेन्सरांनी थोड्या वेळाच्या अंतराने तेच सांगितले पाहिजे. हा नियम मला फार पटला. कचेरीतही एका अर्जावर पंचनामा होत नाही, दोन साक्षीदार लागतात.

जाता जाता सांगतो, दारा-खिडक्यांना विजेचा भोंगा जोडण्याचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने १८५३ साली घेतले. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली तेच हे साल. दाराला जोडलेला तो प्रकार आजही सर्वांत भरवशाचा आहे. दार उघडते किंवा उघडत नाही. त्यात ऊन, वारा, मांजर यांचा संबंध येत नाही.

आता नवी व्यवस्था सांगतो. काल हसलेल्या मंडळींनी कृपया हे लक्षपूर्वक ऐकावे.

आठ झोनांपैकी सात वापरले आहेत, एक शिल्लक ठेवला आहे. गाभाऱ्याच्या दाराला लोहचुंबकाची चकती आणि चौकटीत तिची जोडीदार पट्टी आहे. दार बोटभर सरकले की भोंगा ताबडतोब, एक क्षणही न थांबता. यात काकडआरतीची अडचण होती. म्हणून गुरवकाका ज्या बाजूच्या दाराने आत येतात त्या दाराला तीस सेकंदांची सवलत आहे. तेवढ्यात त्यांनी पेटीवर आपला आकडा दाबावयाचा. पहिल्या आठवड्यात काका दोनदा आकडा विसरले, आता विसरत नाहीत. दानपेटीचा झोन चोवीस तासांचा आहे. बाकी सर्व बंद असले तरी तो जागा राहतो, दिवसादेखील. पेटीला कोणी पहार लावली किंवा हलवले तर बोंब होणारच. दर्शनाला येणाऱ्यांनी पेटीवर हात आपटू नये ही विनंती. सभामंडपाला आता दारे व जाळी बसल्यामुळे ते घरासारखेच झाले आहे, तेव्हा तेथे ते जुने नऊशे रुपयांचे दोन सेन्सर लावले आहेत. तेथे ते उत्तम चालतात. त्यांच्यात खोट नव्हती.

आवारासाठी सात हजारांचे दोन घेतले. यात एकाच खोक्यात दोन जातीचे पहारेकरी आहेत. एक उष्णता पाहणारा, दुसरा रडारसारख्या लहरी सोडून हालचाल ओळखणारा. दोघेही एकाच वेळी 'हो' म्हणाले तरच खबर पुढे जाते. उन्हाने तापलेला पत्रा पहिल्याला फसवील, पण दुसऱ्याला तो हललेला दिसत नाही. थंड फांदी दुसऱ्याला फसवील, पण पहिल्याला तिची ऊब लागत नाही. उत्तरेचा सेन्सर पिंपळाकडे पाठ करून, जमिनीपासून सव्वादोन मीटरवर, पागोळीच्या आत बसवला आहे, म्हणजे भिंगावर ऊन आणि पाऊस दोन्ही थेट येत नाहीत. त्याची नजर रस्त्यापर्यंत जाऊ नये म्हणून भिंगाच्या एका बाजूस आतून चिकटपट्टी लावली आहे. उघड्यावरच्या सेन्सरला किती दूरचे दिसते यापेक्षा किती दूरचे दिसू नये, हे ठरवणे जास्त महत्त्वाचे.

मागच्या भिंतीलगत दोन खांब दिसतात, ते दिव्याचे नाहीत. एका खांबातून न दिसणारे किरण निघून दुसऱ्यात जातात. एकावर एक असे दोन. दोन्ही एकदम तुटले तरच खबर. पाखरू गेले तर एखादाच तुटतो. दाट धुक्यात त्याची थोडी पंचाईत होते, आणि खाली घाणेरी किंवा एरंड वाढला तर काम बिघडते. म्हणून तेथील गवत काढण्याचे काम तरुण मंडळाने पत्करले आहे. श्रावणात त्यांनी ते एकदाही केलेले नाही, हेही येथेच नमूद करतो.

शेवटचा झोन वायरींचा आणि खोक्यांचा. प्रत्येक झोनच्या वायरीच्या टोकाशी एक लहानसा रेझिस्टर बसवलेला असतो. तो पेटीजवळ नव्हे, सेन्सरजवळ बसवावयाचा. मग कोणी वायर तोडली तरी पेटीला कळते आणि दोन तारा एकत्र पिळल्या तरी कळते. पहिल्या वेळी वायरमनने ते सगळे पेटीतच बसवले होते आणि मला वाटले होते, छान, नीटनेटके दिसते.

पण या सर्वांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे कोणी केव्हा ओरडावयाचे. आवारातील कोणत्याही एका सेन्सरने आता भोंगा वाजत नाही. बाबांच्या खोलीत हळू आवाजाची टिकटिक होते, पेटीवर त्या जागेचा दिवा लागतो आणि आवारातील मोठे दिवे लागतात. बहुतेक वेळा कुत्रे असते, ते दिवे लागताच पळते, गाव झोपलेले राहते. आवारातील दोन वेगवेगळ्या झोनांनी दोन मिनिटांच्या आत खबर दिली, किंवा आतील एखादा झोन बोलला, तरच भोंगा. गेल्या चैत्रापासून या चैत्रापर्यंतची वही माझ्याजवळ आहे. टिकटिक एकशे बारा वेळा. भोंगा तीन वेळा. त्या तिनांपैकी दोनदा वानरांची टोळी होती. वानरांवर उपाय सापडलेला नाही. ती ऊबदार असतात, भिंतीवरून येतात आणि टोळीने येतात, म्हणजे दोन साक्षीदारांची अटही पुरी करतात. एकदा खरोखरच अनोळखी दोन माणसे मागच्या भिंतीवरून उतरली होती. भोंगा वाजताच पळाली. त्या रात्री चाळीसएक माणसे आली. तेवढी आली याचे कारण त्याआधी कित्येक महिने भोंगा वाजला नव्हता.

विजेचे सांगावयास हवे. वीज गेली की पेटी आतील बॅटरीवर चालते. बॅटरी बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची. आपली सगळी यंत्रणा पाव अँपिअर घेते, म्हणजे सात भागिले पाव, कागदावर अठ्ठावीस तास. ही नव्या बॅटरीची गोष्ट. तिसऱ्या वर्षी त्याच्या निम्म्यावर भरवसा ठेवू नये. म्हणून दर तीन वर्षांनी बॅटरी बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात घातली आहे. पुढील समितीने ती रक्कम मांडवाच्या खर्चात वळती करू नये. वळवाच्या पावसात लांब वायरींमधून विजेचा लोळ पेटीपर्यंत येऊ शकतो, त्यासाठी अर्थिंग वेगळे घेतले आहे. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालावे लागते.

आता बाबांच्या कामाविषयी. मार्च २०१२ मध्ये रायगड जिल्ह्यातील दिवेआगरच्या सुवर्णगणेश मंदिरावर दरोडा पडला, तो आपणांस माहीत आहे. १९९७ साली तेथील एका बागेत जमिनीखाली तांब्याच्या पेटीत सापडलेली ती सोन्याची मूर्ती दरोडेखोरांनी नेली आणि दोन राखणदारांचा जीव घेतला. मूर्ती पुन्हा घडवून २०२१ साली तिची प्रतिष्ठापना झाली. त्या दोन घरांतली माणसे मात्र गेली ती गेलीच. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. भोंगा बसवण्याआधी आपण राखणदाराला काय काम दिले होते, ते आठवा. आवाज आला की कंदील घेऊन बाहेर जायचे आणि पाहायचे. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला, एकट्याला, महिना तीन हजारांवर.

ते काम आता काढून घेतले आहे. बाबांच्या खोलीला आतून कडी आहे आणि खाटेजवळ लाल बटण आहे. टिकटिक झाली तर खिडकीतून पाहावयाचे. कुत्रे असेल तर झोपावयाचे. माणूस असेल, किंवा काही कळत नसेल, तर बटण दाबावयाचे, ११२ नंबरला फोन करावयाचा आणि कडी काढावयाची नाही. बाहेर पडणे हे आपले काम, आणि तेही एकेकट्याने नव्हे. पोलीसपाटलांच्या घरासमोर जमून मग. याद्या आळीवार केल्या आहेत, त्या नगारखान्याच्या भिंतीवर लावल्या आहेत. त्यात आपले नाव असून आपल्याला माहीत नाही असे कोणी असेल तर आजच मला भेटावे. बाबा तीनदा म्हणाले, "आत कडी लावून बसायला मी काय बाईमाणूस आहे का?" यावर त्यांच्या सूनबाईंनी जे उत्तर दिले ते येथे छापता येण्यासारखे नाही, पण तेव्हापासून बाबा कडी लावतात.

एक काम अद्याप राहिले आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सेन्सर चालून तपासावयाचे असतात. एकाने पेटीजवळ उभे राहावे, दुसऱ्याने आवारातून आडवे चालावे, कोठे दिवा लागतो, कोठे लागत नाही ते वहीत लिहावे. उन्हाळ्यात एकदा भर संध्याकाळी आणि पावसात एकदा. सध्या चालणारा मी आणि पेटीजवळ बाबा. माझी बदली केव्हाही होऊ शकते. दहावी-बारावीच्या दोन मुलांनी किंवा मुलींनी हे काम शिकून घ्यावे. वही मी देईन. जुनी, एकेचाळीस नोंदींचीसुद्धा.

देणगीदारांना इतकेच सांगतो की ५८,४०० मधील पाच हजार माझ्या चुकीचे आहेत. तीन सेन्सर, फुकट गेलेली वायर आणि मजुरी. ते मी चार हप्त्यांत समितीकडे भरले आहेत, पावत्या जोडल्या आहेत. अध्यक्ष नको म्हणत होते.

आता भोंग्याची चाचणी करून दाखवतो. अर्ध्या मिनिटाची आहे. आयाबायांनी लहान मुलांना जवळ घ्यावे. दावणीला नवीन बैल असतील त्यांनी जरा लक्ष ठेवावे. बाबा, दाबा बटण.